एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा कनेक्टर तुटला? डेटा अजून आतच आहे, फक्त घाई करू नका

लग्नाचं शूटिंग, बाळाचं बारसं, आजोबांचा शेवटचा व्हिडिओ, कॉलेजचा प्रोजेक्ट. बऱ्याच घरांत हे सगळं तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत असतं आणि ती डबी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये.

मग एके दिवशी लॅपटॉप मांडीवरून सरकतो. केबलला लोंबणारी हार्ड डिस्क खुर्चीच्या पायाला आपटते. केबल पुन्हा लावायला जावं तर ती ढिली. दिवा लागत नाही, लागला तर विझतो. नीट बघितलं तर डिस्कचं यूएसबीचं तोंड आत ढकललेलं किंवा वाकडं झालेलं.

इथून पुढचा तासभर महत्त्वाचा असतो. कारण कनेक्टर तुटल्यामुळे फोटो जात नाहीत. फोटो जातात ते त्यानंतर घाईघाईत केलेल्या उद्योगांमुळे.

कनेक्टर म्हणजे नेमका कुठला भाग?

एक्स्टर्नल हार्ड डिस्कचे साधारण तीन भाग पाडता येतात. बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर, आतली हिरवी किंवा निळी सर्किटची पाटी म्हणजे बोर्ड, आणि धातूच्या बंद डब्यात गरगर फिरणाऱ्या तबकड्या. डेटा असतो तो तबकड्यांवर. कनेक्टर असतो बोर्डच्या कडेला, सोल्डरने चिकटवलेला.

थोडक्यात, कनेक्टर हा घराचा दरवाजा आहे. दरवाजा अडकला म्हणून घरातलं सामान चोरीला जात नाही.

खिशात मावणाऱ्या बहुतेक हार्ड डिस्कना जे रुंद, चपटं, मध्ये खाच असलेलं तोंड असतं, त्याला मायक्रो-बी यूएसबी ३.० म्हणतात. यूएसबी ३.० हे मानक २००८ साली आलं. या तोंडात एकूण १० पिन असतात. मोठ्या भागातल्या ५ पिन जुन्या यूएसबी २.० च्या, आणि शेजारच्या छोट्या भागातल्या ५ पिन जास्त वेगासाठी. ही विभागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे तिचाच उपयोग होतो.

त्याहून जुन्या डिस्कना मिनी यूएसबीचं जाडसर तोंड असतं, नव्यांना टाइप-सी.

मग तो तुटतो कशामुळे?

रोज काढ-घाल केल्यामुळे झिजला, असं बहुतेकांना वाटतं. पण मायक्रो यूएसबीची रचना १०,००० वेळा काढ-घाल सहन करेल अशी केलेली आहे. जुन्या मिनी यूएसबीसाठी हा आकडा ५,००० होता. शिवाय मायक्रोमध्ये झिजणारे स्प्रिंग मुद्दाम केबलच्या टोकात ठेवलेले आहेत, म्हणजे झिजायची ती केबल आधी झिजावी.

खरा शत्रू आहे तो बाजूने बसणारा जोर. केबलचं टोक डिस्कच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटर आलेलं असतं. त्याला धक्का बसला की ते पहारीसारखं काम करतं आणि सगळा जोर बोर्डवरच्या सोल्डरच्या बारीक डागांवर येतो. डाग तडकतात, कधी त्याखालचा तांब्याचा पातळ पत्राही उचलला जातो.

बॅगेत केबल लावूनच डिस्क ठेवणं, ती वरून दाबली जाणं, लॅपटॉपसोबत लोंबत ठेवणं, केबल उलटी घुसवण्याचा प्रयत्न करणं, ही नेहमीची कारणं.

आधी तपासा: केबल, कनेक्टर की डिस्क?

दुकान गाठण्याआधी घरीच पाच मिनिटांत बरंच कळतं.

पहिली गोष्ट, केबल बदलून बघावी. सगळ्यात जास्त वेळा दोष केबलचाच निघतो. लॅपटॉपचा पोर्टही बदलावा. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागचा वापरावा.

दुसरी गोष्ट, टॉर्च लावून तोंडात बघावं. पिनची पट्टी सरळ आहे का, एखादी पिन वाकून दुसरीला टेकलीय का, सगळं तोंडच हलतंय का. पिन एकमेकींना टेकलेल्या दिसल्या तर केबल लावूच नये. ५ व्होल्टची पिन चुकीच्या ठिकाणी लागली तर बोर्ड जळू शकतो.

तिसरी गोष्ट, डिस्क टेबलावर सपाट ठेवून केबल लावावी आणि हाताने हलकेच स्पर्श करून बघावं.

- काहीच थरथर नाही, दिवा नाही: वीज पोहोचत नाही. केबल, कनेक्टर किंवा बोर्ड.
- डिस्क फिरतेय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही किंवा 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' येतं: वीज मिळतेय, डेटाच्या पिनमध्ये गडबड असण्याची शक्यता मोठी.
- केबल जराशी हलली की दिवा लागतो-विझतो: कनेक्टरचं सोल्डर तडकलंय.
- टक-टक असा ठरावीक आवाज येतो: लगेच केबल काढावी. अपुऱ्या विजेमुळेही असा आवाज येऊ शकतो. पण डिस्क पडली असेल तर आतल्या हेडला मार लागल्याचं हे लक्षण असतं, आणि तेव्हा प्रत्येक वेळी चालू करण्यातून नुकसान वाढतं.

हा शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. कनेक्टर तुटला तेव्हा डिस्क चालू होती का, जोरात पडली का, याचं उत्तर 'हो' असेल आणि आवाजही विचित्र येत असेल, तर प्रश्न कनेक्टरपुरता उरत नाही. तिथे घरगुती प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावं.

एक सोपी युक्ती: जुन्या मोबाइलची केबल

वर सांगितलेली ५ अधिक ५ पिनची विभागणी इथे कामाला येते. अनेकदा तोंडाचा छोटा भाग तुटतो आणि मोठा भाग शाबूत राहतो. त्या मोठ्या भागात जुन्या अँड्रॉइड फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल बसते. तशी ती बसावी, अशीच या तोंडाची रचना आहे.

केबल मात्र डेटा जाणारी हवी. फक्त चार्जिंगसाठी मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

वेग कमी मिळतो. यूएसबी ३.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे, २.० चा ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबी धरले तर १ टीबी कॉपी व्हायला ९ तासांहून जास्त लागतात. पण डेटा सुखरूप निघत असेल तर एक रात्र जागी ठेवायला हरकत नाही.

अडचण विजेची येऊ शकते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपियर देतो, ३.० चा ९००. डिस्क सुरू होताना धडपडत असेल, तर केबलचं दुसरं टोक लॅपटॉपच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबमध्ये लावावं.

आणि डिस्क दिसली तर? रबरबँड लावून, केबल तिरकी धरून रोज वापरायचा मोह टाळावा. दर वेळी वीज तुटली की आतलं हेड आपत्कालीन पद्धतीने मागे ओढलं जातं, आणि त्या क्षणी काही लिहिलं जात असेल तर फाइलींची यादीच बिघडू शकते. आधी सगळ्यात मौल्यवान फोल्डर कॉपी करावं, मग बाकीचं. डिस्कवर नवीन काहीही लिहू नये.

कव्हर उघडल्यावर दोन शक्यता

युक्ती चालली नाही तर कव्हर उघडावं लागतं. बहुतेक कव्हर स्क्रूने बसवलेली नसतात, खाचांमध्ये अडकवलेली असतात. जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारचं प्लेक्ट्रम कडेने फिरवलं की ती सुटतात. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर बोर्डला ओरखडा पडतो. वॉरंटी चालू असेल तर इथे थांबून विचार करावा, कारण कव्हर उघडल्यावर ती सहसा जाते. पण वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, जुन्या डिस्कमधला डेटा देत नाही. नवी डिस्क रिकामीच येते.

आत दोनपैकी एक प्रकार दिसतो.

पहिला प्रकार, वेगळी छोटी पाटी. हार्ड डिस्क नेहमीची लॅपटॉपमधली असते, तिला साटाचं तोंड असतं आणि त्यावर यूएसबीची छोटी पाटी खोचलेली असते. हा भाग्याचा प्रकार. तुटलेलं तोंड त्या पाटीवर असतं. पाटी सरळ ओढून काढायची आणि डिस्क बाजारात मिळणाऱ्या साटा ते यूएसबी केबलला किंवा रिकाम्या केसला लावायची. सोल्डरिंगची गरजच नाही. टेबलावर ठेवायच्या मोठ्या ३.५ इंची डिस्क बहुधा याच प्रकारच्या असतात, फक्त त्यांना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो.

दुसरा प्रकार, यूएसबी थेट डिस्कच्या बोर्डवर. इथे साटाचं तोंडच नसतं. डिस्कच्या मुख्य बोर्डवरच यूएसबीचं तोंड सोल्डर केलेलं असतं. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक पोर्टेबल डिस्क अशा असतात. यात केस बदलून भागत नाही, कनेक्टरच बदलावा लागतो.

'डिस्क फॉरमॅट करा' असं आलं तर

पहिल्या प्रकारातही एक फसवी जागा आहे. डिस्क नव्या केसमध्ये घातली, ती फिरली, पण विंडोज म्हणतं 'फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइज करा'. घाबरून 'हो' दाबलं की खरं नुकसान तिथे होतं.

असं होण्याची दोन कारणं असू शकतात. काही डिस्कमध्ये मूळ पाटीवरची चिप डेटा सांकेतिक करून लिहिते, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. अशी डिस्क दुसऱ्या पाटीला लावली तर तबकडीवरचा मजकूर कॉम्प्युटरला निव्वळ कचरा वाटतो. दुसरं म्हणजे, २ टीबीपेक्षा मोठ्या काही डिस्कमध्ये मूळ पाटी डेटाच्या कप्प्यांचा आकार बदलून दाखवते, ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइट. पाटी बदलली की हिशेब जुळत नाही आणि पार्टिशन दिसत नाही.

दोन्हींवर उपाय एकच: मूळ पाटी फेकू नये आणि तिच्यावरचाच कनेक्टर दुरुस्त करून घ्यावा.

कनेक्टर बदलतात कसा?

मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम करू शकतो, कारण फोनचं चार्जिंगचं तोंड बदलणं हे त्याचं रोजचंच काम असतं. पद्धत साधारण अशी.

१. बोर्ड डिस्कपासून वेगळा करतात. त्याचे स्क्रू बहुधा सहा टोकांच्या चांदणीसारखे, टॉर्क्स प्रकारचे असतात. बोर्ड सुटा केल्यामुळे तबकड्यांच्या डब्यापर्यंत उष्णता जात नाही. डब्यावरच्या झाकणाचे स्क्रू मात्र कधीही काढायचे नसतात. धुळीचा एक कण आत गेला तरी पुरे होतो.

२. बोर्ड कडेने धरतात. अंगातली स्थिर वीज चिपला मारक ठरते, म्हणून आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावतात.

३. आजूबाजूच्या भागांवर उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टन टेप लावतात, फ्लक्स घालतात आणि हॉट एअरने जुना कनेक्टर सैल करतात. तो ओढून काढायचा नसतो. सोल्डर वितळलं की तो आपोआप उचलला जातो. कारखान्यातलं शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं, शिसं असलेलं १८३ अंशांना. म्हणून बरेच कारागीर जुन्या डागांवर थोडं शिशाचं सोल्डर चढवतात, म्हणजे कमी उष्णतेत काम होतं.

४. तांब्याच्या जाळीच्या पट्टीने, म्हणजे सोल्डर विकने, जुनं सोल्डर पुसून घेतात. नवा कनेक्टर ठेवून आधी त्याचे आधाराचे पाय पक्के करतात, मग बारीक पिन. कनेक्टर दिसायला सारखे असले तरी पायांची जागा वेगवेगळी असते, म्हणून जुना नमुना सोबत न्यावा लागतो.

५. भिंगाखाली बघून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मल्टिमीटरने तपासतात. शेजारच्या दोन पिन एकमेकींना जोडल्या गेल्यात का, आणि विशेषतः ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकत्र आलेत का, हे बघितल्याशिवाय डिस्क चालू करायची नाही.

तांब्याचे पत्रे उखडले असतील तर नवा कनेक्टर बसत नाही. पण तेव्हाही रस्ता आहे. यूएसबी २.० ला चारच तारा लागतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या दोन. जुनी केबल कापून या चार तारा बोर्डवर योग्य ठिकाणी जोडता येतात. प्रमाणित केबलमध्ये लाल तार ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, पांढरी आणि हिरवी डेटाची. स्वस्त केबल हे रंग पाळतीलच असं नाही, म्हणून मल्टिमीटरने खात्री करावी. लाल-काळी उलटी लागली तर बोर्ड जाऊ शकतो. ही जोडणी दिसायला ओबडधोबड असते, पण एकदा डेटा काढायला पुरेशी ठरते.

टाइप-सीचं प्रकरण अवघड. त्यात २४ पिन असतात, त्यातल्या काही कनेक्टरच्या पोटाखाली. ते काम मायक्रोस्कोप असलेल्याकडेच द्यावं.

साटाची जीभ तुटली तर

केस बदलताना होणारा हा नेहमीचा अपघात. साटामध्ये डेटाच्या ७ आणि विजेच्या १५ पिन इंग्रजी एल आकाराच्या प्लास्टिकच्या जिभेवर बसवलेल्या असतात. केबल तिरकी ओढली की जीभ मोडते आणि केबलमध्येच अडकून राहते. पिन मात्र बऱ्याचदा शाबूत असतात.

तुटलेली जीभ केबलमधून काढू नये. ती तशीच ठेवून, पिन सरळ रांगेत आहेत हे बघून, केबल हळूच जागेवर सरकवली तर जोड लागू शकतो. ही एकदाच खेळायची खेळी आहे. लागली की डेटा पूर्ण कॉपी होईपर्यंत डिस्कला हात लावायचा नाही.

हे अजिबात करू नका

- फेव्हिक्विक ओतू नका. तो पिनमध्ये शिरला की कारागिराचं काम दुप्पट अवघड होतं.
- तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून नुसता बदलू नका. बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात. ती चिप हलवल्याशिवाय नवा बोर्ड बहुतेक आधुनिक डिस्कवर चालत नाही.
- डेटा निघण्याआधी चेक डिस्कसारखी दुरुस्तीची सॉफ्टवेअर चालवू नका. ती डिस्कवर लिहितात.
- फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला विसरा. आत ओलावा धरतो.

दुकानात काय विचाराल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, अशा ठिकाणी सुटे भागही मिळतात आणि कारागीरही. छोट्या शहरांत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. डिस्क हातात देण्याआधी चार गोष्टी स्पष्ट कराव्यात.

'डेटा हवा आहे, डिस्क नाही राहिली तरी चालेल' हे पहिलं वाक्य असावं. नाहीतर डिस्क चालू करून देण्याच्या भरात कुणी ती फॉरमॅट करून देतं.

काम समोर बसून होईल का, हे विचारावं. डिस्कमध्ये घरचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती, बँकेची कागदपत्रं असतात.

मूळ बोर्ड, पाटी आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागावा.

आणि कुणी फक्त कनेक्टरसाठी 'क्लीन रूम' लागेल असं सांगून मोठा आकडा टाकला, तर कारण विचारावं. क्लीन रूम लागते ती तबकड्यांचा डबा उघडायचा असेल तेव्हा. कनेक्टरचं काम डब्याच्या बाहेरचं आहे. सुट्या कनेक्टरची किंमत किरकोळ असते, पैसे द्यायचे ते हाताच्या कौशल्याचे.

दुरुस्त झाली, पुढे काय?

डिस्क चालू झाली की पहिलं काम कॉपी. दुरुस्त कनेक्टर चांगला टिकू शकतो, पण त्या डिस्कवर आता एकटीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम इथे उपयोगी पडतो. डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. घरच्या हिशेबात याचा अर्थ एवढाच: एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक हार्ड डिस्कवर, आणि निवडक फोटो क्लाउडवर किंवा बहिणीकडे ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

बाकी सवयी साध्या आहेत. डिस्क नेहमी सपाट जागेवर ठेवावी. बॅगेत टाकताना केबल काढावी. ओढताना तार न धरता टोक धरावं. 'सेफली रिमूव्ह' केल्यावर तबकड्या थांबेपर्यंत काही सेकंद थांबावं.

कनेक्टर तुटणं हा हार्ड डिस्कच्या आजारांमधला त्यातल्या त्यात बरा आजार आहे. डेटा जागेवर असतो, रस्ता तेवढा बंद झालेला असतो. तो रस्ता शांतपणे, एकदाच आणि नीट उघडला, तर ड्रॉवरमधल्या त्या काळ्या डबीतले आजोबा पुन्हा स्क्रीनवर बोलताना दिसतात.